अलकनंदेच्या खोऱ्यातील पूर व त्यांपासून घ्यावयाचा बोध

पूर नदीच्या पात्रात दिसतो. परंतु त्याची तयारी वरच्या डोंगरउतारावर पुष्कळ आधीपासून होत असते. सपाट प्रदेशातील पुराचे पाणी हळूहळू चढते, शेतात पसरते व काही दिवसांनी ओसरते. डोंगराळ प्रदेशातील पुराचे स्वरूप निराळे असते. तेथे पाण्याबरोबर दगड, माती व उन्मळलेली झाडे येतात आणि अरुंद दरीतून हा सर्व लोंढा काही तासांतच खाली उतरतो. अशा पुरांनी एखाद्या प्रदेशाचा इतिहास कसा घडविला, हे पाहण्यासाठी उत्तराखंडातील अलकनंदेचे खोरे हे उत्तम उदाहरण होय. ग्रामपातळीवर काम करणारे कार्यकर्ते व डोंगरभागातील शेतकरी यांना या इतिहासापासून पुष्कळ शिकता येण्यासारखे आहे.

खोऱ्याची रचना

अलकनंदा ही नदी बद्रीनाथच्या वरील हिमनद्यांतून निघते. वाटेत तिला धौलीगंगा, नंदाकिनी, पिंडर व मंदाकिनी या नद्या मिळतात. देवप्रयाग येथे तिचा भागीरथीशी संगम होतो व तेथून पुढे तिला गंगा हे नाव प्राप्त होते. या खोऱ्यातील डोंगर उंच, चढाचे व ठिसूळ आहेत. गावे व पायऱ्यांची शेते बहुधा उतारावर वसलेली आहेत. मात्र यात्रेचा मार्ग नदीकाठाने जात असल्यामुळे बाजारपेठा व विसाव्याची ठिकाणे पात्राजवळ वाढली. जेथे रहदारी तेथे व्यापार, आणि जेथे व्यापार तेथे वस्ती, असा हा क्रम होता. त्यामुळे पुराचा पहिला आघातही याच वस्त्यांवर होत आला.

सन १८९४ चा पूर : पूर्वसूचनेचे महत्त्व

सप्टेंबर १८९३ मध्ये अलकनंदेस मिळणाऱ्या बिरही गंगेच्या दरीत, गोहना गावाजवळ, डोंगराचा मोठा कडा कोसळला. त्या दरडीने नदीचा प्रवाह अडविला व सुमारे ९०० फूट उंचीचा नैसर्गिक बांध तयार झाला. त्यामागे पाणी साठू लागले. हा बांध केव्हातरी फुटणार, हे उघड होते. प्रश्न इतकाच होता की, तो केव्हा फुटेल व तोपर्यंत खालच्या लोकांना कसे वाचवावे.

पुलफोर्ड या अभियंत्याने जागेची पाहणी करून, तलाव भरून वाहू लागण्यास पुढील वर्षाचा ऑगस्ट उजाडेल, असा अंदाज वर्तविला. मिळालेल्या अवधीचा पुरेपूर उपयोग करण्यात आला. गोहन्यापासून खाली हरिद्वारपर्यंत तारयंत्राची सोय करण्यात आली. पाणी कोठवर चढेल याचा हिशेब करून दरीच्या बाजूंवर सुरक्षित उंची दाखविणारे खांब उभारण्यात आले. झुलते पूल सोडवून ठेवण्यात आले. यात्रेकरूंना दुसऱ्या वाटेने वळविण्यात आले आणि तलावावर रात्रंदिवस पहारा बसला.

दिनांक २५ ऑगस्ट १८९४ रोजी तलावाचे पाणी बांधावरून वाहू लागले व त्याच रात्री बांध फुटला. काही तासांत तलावाची पातळी सुमारे ३९० फुटांनी खाली गेली. या लोंढ्याने श्रीनगर (गढवाल) हे एके काळी गढवालच्या राजांची राजधानी असलेले जुने गाव उद्ध्वस्त केले. तथापि एवढ्या प्रचंड पुरात प्राणहानी अवघी पाच जणांची झाली. हे पाचही जण एकाच फकिराच्या कुटुंबातील असून, सूचना मिळाल्यावरही ते बांधाखालच्या जागी परत गेले होते. पुरानंतर श्रीनगरची वसाहत अधिक उंच जागी नव्याने वसविण्यात आली. घरे पुन्हा बांधता आली, कारण ती बांधणारी माणसे वाचली होती.

सन १९७० चा पूर : कारणांचा शोध

पुढील काळात खोऱ्याचे रूप पालटले. सन १९६२ च्या युद्धानंतर सीमाभागात मोटाररस्ते झपाट्याने तयार झाले. रस्त्यांसाठी डोंगर कापले गेले आणि पूर्वी दुर्गम असलेल्या जंगलांपर्यंत ठेकेदारांची कुऱ्हाड पोहोचली.

दिनांक २० जुलै १९७० रोजी अतिवृष्टी होऊन अलकनंदेस महापूर आला. ओढ्याओढ्यांत दरडी कोसळल्या. बेलाकुची ही रस्त्यावरची वस्ती वाहून गेली. गोहन्याचा जो तलाव १८९४ नंतर शिल्लक राहिला होता, तो दगडगाळाने भरून नष्ट झाला. गाळ एवढा आला की, शेकडो मैल शेतीस पाणी पुरविणाऱ्या गंगेच्या कालव्याचा हरिद्वारजवळील भागही त्याने भरून गेला. डोंगरावरील माती सुटली म्हणजे तिचा भार सपाटीवरच्या शेतकऱ्यासही सोसावा लागतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

चंडीप्रसाद भट्ट यांनी सन १९६४ मध्ये गोपेश्वर येथे स्थापन केलेल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी पूरग्रस्तांना मदत पोहोचविली. हे काम करीत असताना, जेथे जंगल तोडले गेले होते तेथे दरडी अधिक कोसळल्या आहेत, असे त्यांच्या नजरेस आले. गावकऱ्यांनाही हे पटले. सन १९७३ मध्ये मंडल गावी झाडांच्या तोडीस विरोध सुरू झाला व त्यातूनच चिपको आंदोलन उभे राहिले. दिनांक २६ मार्च १९७४ रोजी रैणी गावात पुरुष घरी नसताना गौरादेवी व त्यांच्या सोबतच्या स्त्रियांनी तोड करावयास आलेल्या मजुरांना परत पाठविले. त्यानंतर शासनाने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीच्या अहवालावरून अलकनंदेच्या वरच्या पाणलोट क्षेत्रात दहा वर्षे तोडबंदी जाहीर झाली. संस्थेने गावोगावी शिबिरे भरवून झाडे लावली व गुरांपासून रक्षणासाठी दगडी कुंपणे घातली. या कामात स्त्रियांचा वाटा मोठा होता. कारण जळण व वैरण यांसाठी डोंगर चढण्याचे कष्ट त्यांनाच पडत होते.

सन २०१३ व २०२१ : झाडांची मर्यादा

झाडे लावली म्हणजे पुराचे भय संपले, असे मात्र समजू नये. झाडांची मुळे वरच्या थरातील माती धरून ठेवतात व पावसाच्या थेंबांचा मारा कमी करतात. परंतु खोलवरचा खडकच सरकला तर मुळांचा उपाय चालत नाही. जून २०१३ मध्ये अतिवृष्टी झाली व केदारनाथच्या वरील चोराबाडी तलाव फुटला. मंदाकिनीच्या खोऱ्यात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्याच पुरात श्रीनगरच्या सखल भागातील घरे गाळाने भरली. सन १८९४ नंतर गाव उंचावर नेण्यात आले होते. परंतु वाढत्या वस्तीबरोबर घरे पुन्हा नदीकडे उतरली होती. दिनांक ७ फेब्रुवारी २०२१ रोजी तर पाऊस नसताना, उंच शिखरावरील खडक व बर्फ कोसळून ऋषिगंगेस व धौलीगंगेस पूर आला. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. ज्या रैणीने आपले जंगल वाचविले होते, त्याच गावाजवळून हा लोंढा गेला.

यावरून असे दिसते की, उताराची जपणूक, वस्तीची योग्य जागा आणि वेळेवर मिळणारी सूचना या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. यांपैकी एक असून भागत नाही.

सह्याद्रीतील गावांनी काय करावे

सह्याद्रीत हिमनद्या नाहीत. परंतु तीव्र उतार, झिजलेला खडक व थोड्या दिवसांत पडणारा भरपूर पाऊस येथेही आहे. पुणे जिल्ह्यातील माळीण (३० जुलै २०१४), रायगड जिल्ह्यातील तळीये (२२ जुलै २०२१) व इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) येथील दुर्घटना सर्वांच्या स्मरणात आहेत. म्हणून डोंगरभागातील गावांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. आजवर पुराचे पाणी कोठवर चढले, हे वृद्ध मंडळींकडून विचारून घ्यावे व देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर खूण करून ठेवावी. या खुणेच्या खाली नवे घर किंवा गोठा बांधू नये.

२. पावसाळ्यापूर्वी व जोराच्या पावसानंतर गावावरील उताराची पाहणी करावी. जमिनीस नव्या भेगा पडणे, झाडे किंवा खांब कलणे, नवा झरा फुटणे, नेहमीचा झरा गढूळ होणे ही दरडीची लक्षणे आहेत.

३. भर पावसात ओढ्याचे पाणी एकाएकी कमी झाले, तर वर प्रवाह अडला असण्याचा संभव असतो. अशा वेळी पात्रात उतरू नये व काठावरील लोकांस तत्काळ उंच जागी हलवावे.

४. ज्या उतारावर भेगा आढळतील तेथे पाणी मुरविणारे चर खोदू नयेत. वरून येणारे पाणी बाजूने काढून द्यावे. सुस्थितीतील उतारावर समतल चर, गवत व झाडे यांची जोड द्यावी.

५. खाचरांचे बांध व सांडवे पावसाळ्याआधी दुरुस्त करावेत. घरासाठी डोंगराचा पायथा उभा कापू नये.

६. रात्री कोणी जागे राहावयाचे, इशारा कसा द्यावयाचा, कोणत्या वाटेने कोठे जमावयाचे व म्हातारी माणसे, मुले आणि गुरे यांना कोणी न्यावयाचे, हे ग्रामसभेत आधीच ठरवावे. धोक्याची लक्षणे दिसताच ग्रामपंचायत व तहसील कार्यालयास कळवावे. परंतु उत्तराची वाट पाहत घरात थांबू नये.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. सन १८९४ च्या पुरात प्राणहानी कमी होण्याची कारणे कोणती?
२. सन १९७० च्या पुरानंतर गावकऱ्यांनी जंगलाचा प्रश्न हाती का घेतला?
३. झाडे कोणत्या प्रकारची हानी रोखतात व कोणती रोखू शकत नाहीत?
४. आपल्या गावात पुराची जुनी खूण कोठे आहे? तिच्या खाली आज किती घरे आहेत?