वेंगुर्ल्याच्या खडकांवरील पाकोळ्या

नशिराबादेस, अथवा खानदेशातील कोणत्याही जुन्या गावी, पुलाच्या किंवा वेशीच्या कमानीखाली मान वर करून पाहिले असता पाकोळ्यांची घरटी एकास एक चिकटलेली आढळतात. त्यांतील पिसे व काड्या ज्या गोंदाने जोडलेल्या असतात, तो गोंद म्हणजे त्या पाखराची लाळ होय. हिच्याच एका बहिणीची हकीकत आज आम्ही सांगतो. ती समुद्रातील गुहेत राहते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यासमोर समुद्रात ओसाड खडकांचा एक पुंजका आहे. त्यांपैकी एकावर दीपगृह आहे, व इतरांवर सुरय पक्षी अंडी घालतात. या खडकांतील गुहांत पाकोळ्यांची वस्ती असते. मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी 1940 च्या सुमारास तिच्याविषयी लिहिले. ही जात सह्याद्रीच्या काही गुहांत व लंकेतही आहे.

हिचे पाय इतके आखूड की फांदीवर बसता येत नाही. ती भिंतीस केवळ लटकते. दिवसभर उडता उडताच किडे टिपते. सायंकाळी सारा थवा गुहेत शिरतो, तेव्हा काळोखात एकच कटकट सुरू होते. तो आवाज भिंतीवरून परत येतो आणि त्यावरून पाखरास वाट कळते. वाघळेही असेच करतात. परंतु त्यांचा तो आवाज बहुधा मनुष्याच्या कानास ऐकू येत नाही, हिचा येतो.

पावसाळ्यापूर्वी नर व मादी लाळेत शेवाळ व पिसे कालवून खडकास वाटीच्या अर्ध्या भागासारखे घरटे चिकटवितात. त्यात दोन पांढरी अंडी असतात. समुद्र व अंधार या दोहोंच्या आड ही वस्ती कावळ्यापासून सुरक्षित आहे. पण सर्वांची घरे एकाच गुहेत असल्यामुळे शिडी घेऊन आलेला एक चोर एका रात्रीत सारा गाव उठवू शकतो. चीन देशी या लाळेचे सार करून पितात. (शेवाळ निवडून काढण्याचा खटाटोप पाहता हे घरटे हलक्या प्रतीचेच ठरते, तरी चोरास त्याचे काय!) घरटे नेले म्हणजे आतील अंडी व पिले फेकली जातात, पाखरे पुन्हा लाळ गाळून दुसरे बांधू लागतात, तोवर पाऊस जवळ आलेला असतो.

या शतकाच्या आरंभी ही चोरी उघडकीस आली. तेव्हापासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या मंडळीने या पाखरांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. आमच्या शिक्षकबंधूंनी सायंकाळी मुलांस गावातील कमानीखाली न्यावे व घरट्यांची गणती करवावी. हात मात्र लावू देऊ नये.