दोन औषधे, एक वाहक

क्षयरोगावर एकच औषध दिले, तर काही जंतू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून अनेक औषधे एकत्र दिली जातात. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल यांवर आधारलेला सहा महिन्यांचा उपचारक्रम आपल्या वस्त्यांतील अनेक कुटुंबांना परिचित आहे.

परंतु औषधे एकत्र देणे निराळे आणि ती योग्य प्रमाणात पोहोचणे निराळे. जठरातील आम्लात रिफाम्पिसिनचे विघटन होते. आयसोनियाझिड सोबत असल्यास ते अधिक वेगाने होते. हे असल्यामुळे ते घडते, हा कार्यकारणभाव धम्माच्या अभ्यासकांस नवा नाही. कारण दूर केले, तर परिणामही टळेल. मग या दोन औषधांना एकाच प्रवासात परस्परांपासून अलग कसे ठेवावे?

याचे एक उत्तर स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म वाहकांत शोधले जात आहे. कोल्हापूरकरांना दुधाचे उदाहरण पुरेल. दूध स्थिर राहिले की स्निग्धांश वर येतो, कारण त्यातील बरेचसे थेंब काही मायक्रॉन आकाराचे असतात. तेच कण शंभर-दोनशे नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनच्या दहाव्या-पाचव्या भागाइतके केले, तर ते पाण्यात दीर्घकाळ विखुरलेले राहू शकतात. अशा कणात औषध साठवले, की आम्लापासून त्याचे बऱ्याच अंशी रक्षण होते. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत क्षयरोगाच्या औषधांचे असे कण तयार करून प्राण्यांवर प्रयोग झाले आहेत.

वाहकाचा दुसरा प्रकार म्हणजे लायपोसोम, अर्थात दुपदरी स्निग्ध भिंतीची पोकळ कुपी. पाण्यात विरघळणारे औषध तिच्या पोकळीत राहते, स्निग्धात विरघळणारे भिंतीत. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीविरोधी अँफोटेरिसिन-बी या औषधाच्या लायपोसोमवर दीर्घकाळ काम केले. या स्वरूपात त्या औषधाचा मूत्रपिंडांना होणारा उपद्रव कमी होतो.

जोड-औषधांत प्रमाणाला किती मोल आहे, हे रक्ताच्या कर्करोगाच्या एका उपचारात दिसले. सायटॅराबिन आणि डॉनोरुबिसिन वेगवेगळी दिल्यास शरीर त्यांचा निचरा वेगवेगळ्या गतीने करते व ठरवलेले प्रमाण बिघडते. एकाच लायपोसोममध्ये रेणूंच्या संख्येने पाचास एक असे प्रमाण राखलेल्या औषधाला २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ६० ते ७५ वर्षे वयाच्या ३०९ रुग्णांच्या चाचणीत जुन्या पद्धतीने मध्यम आयुर्मान ५.९५ महिने होते, नव्या पद्धतीने ९.५६. औषधे तीच, बदलला तो वाहक आणि त्यामुळे टिकलेले प्रमाण.

क्षयरुग्णांच्या नित्य उपचारात असे वाहक अद्याप आलेले नाहीत. म्हणून आज हाती असलेल्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने, खंड न पाडता पूर्ण घेणे हेच हिताचे. पुढचा प्रश्न किमतीचा आहे: असा वाहक सरकारी दवाखान्यातील रुग्णाला परवडेल का? आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे औषधनिर्माणशास्त्राकडे वळतील, त्यांनी हा प्रश्नही प्रयोगशाळेत सोबत न्यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.