रिकामे बसताच तुटणारे वाय-फाय : दोष कुठे शोधावा?

खाली पेढी आणि वर घर, अशी राहणी असलेल्या आमच्या बहुतेक व्यापारी बांधवांकडे आता एकच वाय-फाय दोन्हीकडे चालते. बिले, बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, सारे त्याच राउटरवर. मालेगावच्या बाजारात या बांधवांची एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. काम चालू असेपर्यंत वाय-फाय उत्तम चालते. मात्र लॅपटॉप अर्धा तास पडून राहिला की संपर्क तुटलेला सापडतो. राउटर बंद करून पुन्हा चालू केला की सुरळीत, आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिच्यात पैसा आणि अब्रू दोन्ही अडकतात. ग्रे कापड राजस्थानात पालीला रवाना करायचे असेल आणि मालाची किंमत ५० हजारांच्या वर असेल, तर ई-वे बिलाशिवाय ट्रक हलवता येत नाही. आमच्या ओळखीचे एक शेठ जोहरची नमाज आणि जेवण आटोपून गादीवर येत, तो दारात ट्रक उभा आणि लॅपटॉप वाय-फाय सोडून बसलेला. दुरुस्तीवाला आला आणि म्हणाला, "शेठ, राउटर जुना झाला, नवा घ्या." नवा आणला, अडीच हजार गेले, आणि तिसऱ्या दिवशी तीच रड. जाणारच होते, कारण झोप राउटरला लागत नव्हती, लॅपटॉपला लागत होती.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, खिशात हात घालण्यापूर्वी झोपतो कोण हे पाहावे. इंटरनेट आपल्यापर्यंत दोन टप्प्यांत येते. कंपनीच्या तारेने राउटरपर्यंत, आणि राउटरपासून हवेतून लॅपटॉपपर्यंत. दोन्ही टप्प्यांचे रोग वेगळे आणि इलाजही वेगळे.

पहिली परीक्षा मोबाईलवर करावी. लॅपटॉप तुटला असेल त्याच क्षणी मोबाईलचा सिमचा डेटा बंद करून, केवळ वाय-फायवर एखादे पान उघडून पाहावे. डेटा बंद करणे विसरू नये, नाहीतर मोबाईल गुपचूप सिमवरून काम भागवतो आणि आपली फसगत होते. मोबाईल चालत असेल तर कंपनीची तार आणि राउटर दोन्ही बहुधा निर्दोष आहेत. मग राउटरला हात न लावता फक्त लॅपटॉपचे वाय-फाय बंद करून चालू करावे. तेवढ्याने काम झाले तर शकच उरत नाही. राउटर बंद-चालू केल्याने जो गुण येतो, तो अनेकदा यामुळेच येतो की त्या निमित्ताने लॅपटॉप नव्याने जोडला जातो.

दुसरी परीक्षा थोडी चिकाटीची, पण आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. लॅपटॉपवर सीएमडी नावाची काळी खिडकी उघडावी. तिच्यात इंग्रजीत पिंग, मग जागा सोडून राउटरचा पत्ता, मग जागा सोडून आडवी रेघ आणि टी हे अक्षर टाइप करावे. राउटरचा पत्ता त्याच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता लॅपटॉप दर सेकंदाला राउटरला हाक मारतो आणि उत्तर आले की एक ओळ उमटते. लॅपटॉप स्वतः झोपू नये असे ठरवून ही खिडकी दुपारभर उघडी ठेवावी. रोज तुटणारे वाय-फाय त्या दिवशी तुटलेच नाही, तर निकाल लागला : रोग रिकामे बसण्याचाच आहे, कारण या हाकांनी त्याला रिकामे बसूच दिले नाही. हाका चालू असतानाही तुटले, तर मात्र कारण वेगळे. जाड भिंत, दूर ठेवलेला राउटर, माग सुरू होताना खालीवर होणारी वीज, ढिला प्लग, असे काही तिथे शोधावे. त्या रोगाला पुढील इलाज लागू नाही.

आता हा झोपेचा प्रकार काय आहे, हे थोडे खोलात जाऊन पाहू. वाय-फायचा रेडिओ सतत कान लावून बसला तर बॅटरी खातो. म्हणून १९९७ साली या तंत्राचा पहिला नियम ठरला, तेव्हापासूनच त्यात डुलकीची सोय आहे. लॅपटॉप राउटरला सांगतो, मी जरा डोळे मिटतो, माझे काही आले तर ठेवून घे. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा एक पुकारा करतो आणि त्यात कोणाकोणाचे सामान आले आहे ते सांगतो. ट्रान्सपोर्टच्या गोदामात नावे पुकारतात, तसेच हे. लॅपटॉपने अधूनमधून डोळे उघडून पुकारा ऐकायचा आणि आपले सामान उचलायचे, असा करार.

करार दोन्ही बाजूंनी पाळला तर कोणाला काही कळतही नाही. पण लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाला गाढ झोप लागली की पुकारा ऐकू येत नाही. इकडे राउटरही अनंत काळ वाट पाहत नाही. बऱ्याच राउटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका मोफत प्रोग्रॅममध्ये ही मुदत मुळात ३०० सेकंदांची ठेवलेली असते. तेवढा वेळ काही हालचाल नसली की राउटर एकदा विचारतो, आहेस का? उत्तर आले नाही तर वहीतून नाव कमी करतो. यात राउटरचा दोष काय सांगावा?

इलाज लॅपटॉपवरच आहे आणि फुकट आहे. विंडोजमध्ये स्टार्टच्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडावे. तिथे नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्सखाली वायरलेस किंवा वाय-फाय लिहिलेली ओळ असते. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचे पान उघडावे. वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करण्याची परवानगी संगणकाला द्यावी, अशा अर्थाच्या ओळीपुढे बरोबरची खूण असेल ती काढून टाकावी. शिवाय कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अ‍ॅडॉप्टर सेटिंग्ज दिसत असेल, तर तिथे मॅक्सिमम परफॉर्मन्स निवडावे. काही नव्या लॅपटॉपमध्ये या दोन्ही जागा दिसत नाहीत. अशा वेळी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून वाय-फायचा ताजा ड्रायव्हर घालून पाहणे हाच मार्ग. ड्रायव्हर बदलल्यावर ती खूण परत आली नाही ना, हेही पाहावे. यामुळे बॅटरी थोडी जास्त खर्च होते, पण गादीवरचा लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असतो, त्याला काय फरक पडतो?

मोबाईलसुद्धा तुटत असेल, तर मात्र नजर राउटरकडे आणि तारेकडे वळवावी. वाय-फाय जोडलेले, पण त्याखाली नो इंटरनेट असे लिहिलेले, ही या रोगाची खूण. इथे घड्याळ मोठे उपयोगी पडते. बरोबर १५ मिनिटांच्या शांततेनंतर तुटते असे आढळले, तर राउटरच्या आतली एक जुनी सोय शोधावी. युजरनेम-पासवर्ड टाकून जोडण्याच्या कनेक्शनमध्ये, म्हणजे पीपीपीओई असे नाव असते त्यात, कनेक्ट ऑन डिमांड म्हणून एक पर्याय असतो आणि त्याच्या शेजारी मॅक्स आयडल टाइम. काम नसले की लाईन आपोआप सोडायची, असा त्याचा अर्थ. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट ऑगस्ट १९९५ मध्ये आले ते टेलिफोनच्या तारेवरून, आणि लाईन जोडलेली राहिली की मीटर पळत असे. त्या काळी ही सोय म्हणजे मोठी बचत होती. महिन्याचे ठरीव पैसे भरणाऱ्याला तिचा काही फायदा नाही. तिथे ऑलवेज ऑन किंवा कनेक्ट ऑटोमॅटिकली निवडावे. कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्यात हे पान अनेकदा कुलूपबंद असते, तेव्हा कंपनीकडूनच ते बदलून घ्यावे.

मोबाईलवर ऑर्डरचे संदेश उशिरा येतात, ही तक्रार दिसायला अशीच, पण जात वेगळी. २०१५ साली आलेल्या सहाव्या अँड्रॉइडपासून पडून राहिलेला मोबाईल अ‍ॅपचे नेट मुद्दाम रोखून धरतो. वाय-फाय शाबूत असते. ज्या अ‍ॅपवर धंदा चालतो त्याच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये अनरिस्ट्रिक्टेड निवडावे, बाकीच्यांना झोपू द्यावे. आणि बँकेचे पान काही मिनिटांनी आपल्याला बाहेर काढते, तो तर मुळीच बिघाड नव्हे. गल्ला उघडा टाकून उठणाऱ्यासाठी केलेला तो बंदोबस्त आहे.

या कामात एक धोकाही आहे. वाय-फाय दुरुस्त करून देतो असे सांगून फोनवरून कोणी संगणकाचा ताबा मागितला, एखादे अ‍ॅप घालायला लावले, तर साफ नकार द्यावा. त्याच लॅपटॉपवर आपली बँक आहे. पासवर्ड काढून वाय-फाय मोकळे ठेवले की तुटत नाही, असा सल्ला देणारेही भेटतात. त्यांचे मुळीच ऐकू नये. पासवर्डचा या झोपेशी काही संबंध नाही.

एवढे करूनही तारेचाच दोष निघाला, तर तक्रार नोंदवण्यापूर्वी दोन-तीन दिवस कागदावर टिपून ठेवावे. कोणत्या वेळी तुटले, किती वेळ काम बंद होते, मोबाईलही तुटला का, राउटरचा कोणता दिवा लाल झाला किंवा विझला. नेट चालत नाही एवढेच सांगणाऱ्याला बहुधा राउटर बंद-चालू करा हेच उत्तर मिळते. वेळा लिहिलेला कागद पुढे केला की तार तपासायला माणूस पाठवा असे ठणकावून म्हणता येते.