दाढीच्या साबणातील चरबी : तहारतीचा एक प्रश्न

हिजरी सन 8 मध्ये मक्का जिंकले गेले. त्या वर्षी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जाहीर केले की मद्य, मृत जनावर, डुक्कर आणि मूर्ती यांची विक्री अल्लाह व त्याच्या प्रेषिताने निषिद्ध ठरविली आहे. ह. जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्या कथनानुसार त्या वेळी उपस्थितांनी विचारले की, मेलेल्या जनावराच्या चरबीचे काय? ती तर गलबतांना फासली जाते, कातड्यांना चोळली जाते आणि लोक तिच्यावर दिवेही जाळतात. प्रेषितांनी (स.) नकार दिला आणि ते हराम असल्याचे सांगितले. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

‘ते’ म्हणजे काय, यावर विद्वानांत मतभेद झाला. बहुसंख्यांनी त्याचा अर्थ ‘चरबीचा वापर’ असा घेतला. शाफई विद्वानांच्या मते निषेध विक्रीचा आहे. गलबताला किंवा दिव्याला अशी चरबी चालेल. परंतु इमाम नववी (रह.) यांनी ही सवलत सांगताना दोन गोष्टी वगळल्या आहेत : खाणे आणि मानवी शरीराला लावणे. दाढीचा साबण लागतो तो शरीरालाच, तोही ओल्या चेहऱ्यावर आणि पुष्कळदा फज्रच्या नमाजाआधी. म्हणून हा प्रश्न किरकोळ समजून सोडता येत नाही.

‘दाढीचा साबण’ या नावावरून गैरसमज नको. दाढी राखण्याचा आदेश आपल्या जागी आहे. मिशी कातरणे, काखेतील व नाभीखालील केस काढणे ही फितरतची कामे आहेत आणि ह. अनस (रजि.) यांच्या कथनानुसार त्यांना चाळीस रात्रींपेक्षा अधिक विलंब करू नये. हज व उमऱ्यानंतर पुरुष डोके मुंडवितात. या सर्व प्रसंगी हाच साबण लागतो.

या साबणात चरबी का असते, ते आधी पाहू. अंगाच्या साबणाचा फेस लवकर विरतो. वस्तऱ्याखाली मात्र दाट, ओलावा धरून ठेवणारा फेस हवा. तो मुख्यतः स्टिअरिक अॅसिडमुळे मिळतो. गाय-बैलाच्या चरबीत ते साधारण 15 ते 25 टक्के असते, मेंढीच्या चरबीत बहुधा त्याहून थोडे अधिक, तर डुकराच्या चरबीत 12 ते 16 टक्क्यांच्या आसपास. म्हणून मेंढीची चरबी सर्वांत कठीण आणि डुकराची मऊ. युरोप-अमेरिकेतील लहान साबणकार बदकाची चरबीही वापरतात. पण ती इतकी मऊ असते की तिला वेगळ्या स्टिअरिक अॅसिडची जोड द्यावी लागते. केवळ साबणाच्या गुणांचा विचार केला तर डुकराच्या चरबीवाचून काहीच अडत नाही.

शरीअतच्या दृष्टीने मात्र हा क्रम कठीण-मऊ असा लागत नाही. शेळी, मेंढी, म्हैस किंवा बदक शरीअतनुसार जबह केलेले असेल, तर त्याची चरबी पाक आहे व तिचा साबणही पाक; त्यात दुमत नाही. तेच जनावर तसे जबह झाले नसेल तर ते मृत जनावराच्या हुकमात येते. डुकराचे कोणत्याही रीतीने मारल्याने पाक होणे नाही. सूरह अल्-अन्आमच्या 145व्या आयतीत त्याला स्पष्टपणे घाण म्हटले आहे. लोकरीतून निघणारे लॅनोलिन मात्र चरबीसारखे दिसले तरी वेगळे. ते जिवंत मेंढीच्या कातरलेल्या लोकरीतून मिळते आणि लोकरीच्या उपयोगाचा उल्लेख सूरह अन्-नहलच्या 80व्या आयतीत अल्लाहने आपली कृपा म्हणून केला आहे.

वेष्टनावरील ‘टॅलो’ या शब्दाने पुष्कळ जण फसतात. घरगुती अर्थाने तो गाय-बैल किंवा मेंढीची चरबी दर्शवितो. पण चरबीच्या व्यापारात टॅलो ही प्रत तिच्या घट्टपणावरून ठरते, जनावरावरून नव्हे. त्यामुळे ‘सोडियम टॅलोएट’ वाचून जनावर ओळखता येत नाही, मग ते जबह कसे झाले हे तर दूरच. ‘सोडियम लार्डेट’ म्हणजे निश्चितच डुक्कर. ‘पामेट’ व ‘कोकोएट’ म्हणजे पाम आणि नारळ. नुसते ‘स्टिअरिक अॅसिड’ लिहिलेले असेल तर ते वनस्पतीचेही असू शकते आणि प्राण्याचेही. दोन्हींचा रेणू एकच असतो.

आता मूळ प्रश्न. चरबी उष्णतेवर क्षारासह शिजली की तिचे विघटन होते. ग्लिसरीन सुटे होते आणि उरलेल्या अंशाचा साबण बनतो. मग जे उरले ते चरबी आहे काय? एखाद्या वस्तूचे मूळ स्वरूपच पालटण्याला फिक्हमध्ये इस्तिहाला म्हणतात. हनफी ग्रंथांत मिठाच्या खाणीत पडून मीठ झालेल्या गाढवाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. इमाम अबू यूसुफ (रह.) यांना हे मान्य नव्हते, फतवा मात्र इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मतावर आहे. ‘दुर्र-ए-मुख्तार’मध्ये तर नापाक तेलाचा साबण केल्यास तो पाक होतो, असे साबणाचे नाव घेऊनच सांगितले आहे आणि त्याचे कारण लोकांची सर्वसाधारण अडचण हे दिले आहे. शाफई मतात ही वाट फार अरुंद आहे : आपोआप सिरका झालेले मद्य, कमावलेले कातडे, अशा मोजक्याच गोष्टी स्वरूप पालटल्याने पाक होतात. साबण त्यांत नाही.

महाराष्ट्रात हा भेद पुस्तकी नाही. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आणि घाटावरचे बहुतांशी हनफी. लग्नसंबंधांमुळे दोन्ही मसलक एकाच घरात नांदतात. त्याच साबणाची वडी जावयासाठी पाक आणि सासऱ्यांसाठी नापाक ठरू शकते. डुकराची चरबी असेल तर शाफई मसलकच्या प्रचलित मतानुसार सात वेळा धुणे आणि त्यांतील एक वेळ मातीने धुणे आवश्यक होते, स्वतः इमाम नववींनी (रह.) पुराव्याच्या दृष्टीने एकदा धुणे पुरेसे मानले आहे, हे खरे. अशा घरात एकाने दुसऱ्याला अज्ञानी ठरविण्यापेक्षा साबण बदलणे सोपे.

परंतु इस्तिहालावर विसंबणाऱ्या हनफी वाचकानेही एक गोष्ट जाणून घ्यावी, जी या चर्चेत बहुधा सुटते. हाताने केलेल्या साबणात कारागीर मुद्दाम क्षार थोडा कमी घालतात, जेणेकरून तीन ते पाच टक्के चरबी साबण न होता तशीच राहावी व त्वचा कोरडी पडू नये. काही जण साबण शिजल्यावर वरून आणखी चरबी मिसळतात. एवढ्या अंशाचे स्वरूप पालटलेलेच नाही. मग इस्तिहालाचा आधार त्याला कसा लागू होईल? वेष्टनावर ‘सुपरफॅट’ असे अभिमानाने छापलेले असते आणि आपण ते गुणवत्ता म्हणून वाचतो. माझ्या मते अशा साबणात चरबी कोणाची, हे विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

याचा अर्थ प्रत्येक वडीवर संशय घ्यावा असा नाही. निश्चित गोष्ट संशयाने रद्द होत नाही, हा फिक्हचा मान्य नियम आहे. केवळ शंकेवरून मागच्या नमाजा पुन्हा पढत बसू नये. शिवाय पर्याय आपल्या अंगणात आहे. कोकमाच्या बियांतून निघणारे घट्ट तेल, ज्याला कोकणात मुठेल म्हणतात आणि ज्याचा गोळा हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना लावतात, त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक अॅसिड असते; म्हणजे मेंढीच्या चरबीहूनही बरेच जास्त.

साबणाबरोबर ब्रशही पाहावा. ‘बोअर’ म्हणजे डुकराचे केस. जुन्या हनफी ग्रंथांत मोच्यांना जोडे शिवण्यापुरती त्यांची सवलत आहे, तीही दुसरा उपाय नसल्यामुळे. ‘बॅजर’ हा वेगळा प्राणी. मृत प्राण्याचे केस हनफी मतात पाक आहेत, शाफई मतात नाहीत. कृत्रिम धाग्यांचे ब्रश मात्र आता कोणत्याही दुकानात स्वस्तात मिळतात, त्यामुळे मोच्यांच्या त्या सवलतीचे कारण इथे उरत नाही.