खोदयंत्रास कुंपण-छाटणीचे अवजार जोडताना

शेताच्या बांधावरील जिवंत कुंपण जनावरांपासून पिकाचे रक्षण करते, वारा अडविते आणि बांधाची माती धरून ठेवते. परंतु वेळच्या वेळी छाटणी न झाल्यास तेच कुंपण पिकावर सावली धरते, शिवाररस्ता अडविते आणि बुंध्याशी विरळ होऊन निरुपयोगी ठरते. लांबच लांब कुंपण कोयत्याने छाटण्यास मजूर मिळणे आता कठीण झाले आहे. उलट पोकलेन व जेसीबी या नावांनी ओळखली जाणारी खोदयंत्रे गावोगावी भाड्याने मिळतात. त्यांचे बकेट काढून त्या जागी छाटणीचे अवजार बसविल्यास उंच कुंपणही थोड्या वेळात छाटता येते. मात्र अवजार पिनेने अडकविले म्हणजे जोडणी पुरी झाली, असे समजू नये. यंत्राकडून मिळणारे तेल आणि अवजाराची गरज यांचा मेळ बसला पाहिजे. हा मेळ न पाहता केलेली जोडणी यंत्राचे नुकसान करते व प्रसंगी माणसाच्या जिवावर बेतते.

अवजाराची निवड

छाटणीची अवजारे मुख्यतः तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात दातेरी पट्टीवर पाते कात्रीप्रमाणे मागेपुढे सरकते. मेहंदी, निर्गुडी यांसारख्या कुंपणांच्या कोवळ्या फांद्यांस हे योग्य होय. फांद्या अखंड राहत असल्याने गिरिपुष्पाचा पाला हिरवळीच्या खतासाठी गोळा करावयाचा असेल, तर हेच अवजार घ्यावे. दुसऱ्या प्रकारात फिरत्या दांड्यावर लोंबती पाती बसविलेली असतात. ती फांद्यांचा चुरा करून जागीच टाकतात. तिसऱ्या प्रकारात एका पट्टीवर चक्री करवती ओळीने बसविलेल्या असतात. वेडी बाभूळ किंवा विलायती चिंच यांच्या जाड फांद्यांस या करवती स्वच्छ काप देतात. जाड फांदीवर लोंबती पाती चालविल्यास ती फाटते, व अशा जखमेतून झाडास कीड व कूज लागण्याचा संभव असतो.

तेलाचा हिशेब

अवजाराचा वेग तेलाच्या प्रवाहावर आणि त्याचा जोर तेलाच्या दाबावर अवलंबून असतो. समजा, अवजाराच्या मोटरीस एका फेऱ्यासाठी ३० घन सेंटिमीटर तेल लागते. यंत्राने मिनिटाला ६० लिटर तेल दिल्यास मोटर मिनिटाला २,००० फेरे घेईल. ४० लिटरच मिळाल्यास फेरे सुमारे १,३३० पर्यंत उतरतील आणि पाती कापण्याऐवजी ओरबाडतील. ९० लिटर सोडल्यास फेरे ३,००० होतील आणि पाते निखळून गोळीसारखे सुटण्याचा धोका उत्पन्न होईल.

शक्तीचा अंदाजही सोपा आहे. मिनिटाचे लिटर आणि दाबाचे बार यांचा गुणाकार करून त्यास ६०० ने भागावे. ६० लिटर व १८० बार असल्यास उत्तर १८ किलोवॅट येते. गळती व घर्षण यांमुळे प्रत्यक्षात याहून थोडी कमी शक्ती मिळते. यंत्र व अवजार या दोहोंच्या माहितीपुस्तिकांतील आकडे शेजारी मांडून मगच भाड्याचा सौदा करावा.

जोडणीचा क्रम

१. पिनेची जाडी, दोन पिनांमधील अंतर आणि बाहूच्या टोकाची रुंदी मोजावी. सैल पिनेवर काम चालवू नये.

२. बाहू पूर्ण लांबविला असता यंत्र जेवढे वजन सुरक्षितपणे पेलते, त्याहून अवजार जड नसावे.

३. खडक फोडण्याच्या ब्रेकरसाठी असलेली तेलवाहिनी वापरावयाची असल्यास तिचा प्रवाह व दाब अवजारास जुळवून घ्यावा. तेलात धातूचा कीस असण्याचा संभव असल्याने वाहिनी स्वच्छ करून फिल्टर तपासावा.

४. मोटरीतून झिरपणारे तेल नेण्यासाठी तिसरी बारीक नळी दिलेली असल्यास ती थेट तेलाच्या टाकीस जोडावी. ती बंद ठेवल्यास मोटरीचे सील फुटते.

५. नळ्या जोडण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे आणि पुस्तिकेप्रमाणे वाहिनीतील दाब सोडावा.

६. प्रथम संथ गतीने, फांद्यांना न लावता अवजार चालवून पाहावे. ब्रेकर थांबून थांबून चालतो, छाटणी मात्र अखंड चालते. म्हणून तेल तापते काय, यावर लक्ष ठेवावे.

सावधगिरी

तेलाची गळती हाताने कधीही चाचपू नये. पुठ्ठा धरून पाहावी. सुईच्या छिद्रातून उडणारी धार कातडीत शिरते. जखम क्षुल्लक दिसली तरी रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. उशिराने बोट किंवा हात गमवावा लागतो.

कुंपणातील जुनी तार व दगड आधी काढावेत. चालकाच्या काचेपुढे मजबूत जाळी असावी. निर्मात्याने सांगितलेल्या अंतराच्या आत माणसे व जनावरे येऊ देऊ नयेत. शेराचा चीक डोळ्यांस अत्यंत अपायकारक असल्याने तेथे चष्मा अवश्य वापरावा. विजेच्या तारांखाली काम करण्यापूर्वी वीज कार्यालयास कळवावे.

कुंपणात पक्ष्यांची घरटी असल्यास छाटणी पुढे ढकलावी. इंग्लंडमध्ये २०२४ च्या नियमांनुसार १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात, काही अपवाद वगळता, शेतातील कुंपणांची छाटणी करण्यास मनाई आहे. पिकावरील किडी टिपणारे पक्षी राखणे हे आपल्याही हिताचे आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिल्या छाटणीच्या वेळी यंत्रमालक, चालक व शेतकरी यांना एकत्र बसवून तेलाचा हिशेब प्रत्यक्ष करून दाखवावा. त्यात खर्च होणारा अर्धा तास पुढील मोठी हानी टाळू शकतो.