बटन बंद करतं, चालू करत नाही

काही कीबोर्डच्या कोपऱ्यात वर्तुळ आणि त्यातून वर आलेली रेघ असं चिन्ह असलेलं एक बटन असतं. ते लॅपटॉप बंद करू शकतं. पूर्ण बंद केलेला लॅपटॉप चालू मात्र सहसा करू शकत नाही. नाशिकमधल्या एका दुकानदाराने ही गोष्ट तोंडाने अजूनही मान्य केलेली नाही. प्रस्तुत लेखकाचे त्यापायी पैसे गेले, कामाचा खोळंबा झाला आणि वर ‘काका, तुम्हाला यातलं कळत नाही’ हेही ऐकून घ्यावं लागलं. तेव्हा कळतं की नाही, ते आता वाचकांनीच ठरवावं.

मांडणी नेहमीचीच. टेबलावर मोठा मॉनिटर, पुढ्यात कीबोर्ड, लॅपटॉप झाकण मिटून बाजूच्या कप्प्यात उभा आणि सगळ्या वायरी एका डॉकमध्ये. लेखकाचं काम अनुवादाचं आणि टायपिंग इनस्क्रिप्टचं, म्हणजे १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आलेल्या आराखड्यावरचं. हात त्याच कळांवर बसलेला, त्यामुळे बाहेरचा कीबोर्ड हवाच. कटकट एकच होती. लॅपटॉपचा स्विच झाकणाच्या आत. रोज सकाळी लॅपटॉप कप्प्यातून ओढायचा, झाकण उघडायचं, स्विच दाबायचा, झाकण मिटायचं, पुन्हा आत सरकवायचा.

दुकानात हे सांगितल्यावर काउंटरवरच्या मुलाने लगेच एक कीबोर्ड काढला. साध्या कीबोर्डच्या कितीतरी पट किंमत, पण त्यावर ते पॉवरचं बटन. मुलाने तो दुकानातल्या लॅपटॉपला जोडला, झाकण मिटलेलंच ठेवलं, एक कळ दाबली आणि समोरचा मॉनिटर उजळला. “बघा काका, झाकण न उघडता पॉवर ऑन!” मालकांनी गल्ल्यावरून मान डोलावली. बिल झालं.

त्या दिवशी संध्याकाळी घरी सगळं सुरळीत चाललं. चहा घेऊन परत आलं, कळ दाबली, स्क्रीन हजर. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ढिम्म. पॉवरचं बटन दाबून झालं, स्पेसबार दाबून झाला, सगळ्या कळांवरून हात फिरवून झाला. शेवटी कप्प्यातून लॅपटॉप ओढलाच.

फोनवर दुकानातून पहिला सल्ला आला, “जरा जोरात दाबा.” दुसऱ्या वेळी, “ड्रायव्हर अपडेट करा.” तिसऱ्या वेळी मालक स्वतः बोलले, “तुमच्या लॅपटॉपचा बोर्ड वीक झालाय, घेऊन या.” लॅपटॉप दोन रात्री दुकानात ठेवून घेतला गेला आणि बोर्ड बदलण्याचा जो आकडा सांगितला गेला, त्यात एखादा जुना लॅपटॉप सहज आला असता. तक्रार होती कीबोर्डची. बिल निघत होतं मदरबोर्डचं. लेखकाने लॅपटॉप उचलला आणि घरी आणला.

खरा प्रकार लक्षात आला तो एका साध्या दिव्यामुळे. डॉक बाजूला काढून माऊस आणि कीबोर्ड थेट लॅपटॉपला लावले आणि लॅपटॉप शट डाउन केला, तेव्हा माऊसच्या पोटाखालचा लाल दिवा पूर्ण विझला. म्हणजे त्या पोर्टमध्ये करंटच नव्हता. ज्या कीबोर्डला वीजच मिळत नाही, त्याने संदेश पाठवायचा कशाच्या जोरावर? दुकानात काय दाखवलं गेलं, हे त्या क्षणी उलगडलं. तिथला लॅपटॉप बंद नव्हताच. तो स्लीपमध्ये होता.

झोपलेल्या माणसाला हाक मारली तर तो उठतो. घराला कुलूप लावून गावाला गेलेल्याच्या दारात कितीही ओरडलं तरी उपयोग नसतो. संगणकाच्या जगात या अवस्थांना रीतसर क्रमांक आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय नावाची नियमावली आणली. तिच्यात एस-३ म्हणजे स्लीप: मेमरी जागी, बाकी बहुतेक सगळं निजलेलं. एस-४ म्हणजे हायबरनेट: मेमरीतला मजकूर डिस्कवर लिहून यंत्र बंद. एस-५ म्हणजे शट डाउन. हल्लीचे बरेच लॅपटॉप एस-३ ऐवजी ‘मॉडर्न स्टँडबाय’ वापरतात, फोनसारखी अर्धवट जाग ठेवणारी झोप.

स्लीपमध्ये यूएसबी कीबोर्ड लॅपटॉपला उठवू शकतो. त्यासाठी यूएसबीमध्ये ‘रिमोट वेकअप’ नावाची सोय आहे. कीबोर्ड जोडला जाताना ‘मला उठवता येतं’ असं सांगतो आणि विंडोजने परवानगी दिली तर तो अत्यल्प विजेवर पहारा देतो. झोपलेल्या यूएसबी उपकरणाने सरासरी २.५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट घेऊ नये, असा नियमच आहे. शट डाउननंतर मात्र बहुतेक लॅपटॉपांमध्ये जागी उरते ती एम्बेडेड कंट्रोलर ही एक छोटी चिप. तिचं लक्ष स्वतःच्या स्विचकडे, चार्जरकडे आणि काही मॉडेलांत झाकणाकडे असतं. बाहेरच्या कीबोर्डकडे नाही. मोबाइल चार्जिंगसाठी एखाद्या पोर्टला बंद अवस्थेतही वीज ठेवलेली असते, पण तिथेही कीबोर्डचं ऐकायला सहसा कोणी नसतं.

संध्याकाळी चालणारी गोष्ट सकाळी का चालत नव्हती, याचंही उत्तर यातच आहे. बरेच लॅपटॉप काही तास झोपून राहिले की आपोआप हायबरनेटमध्ये जातात. बोर्ड बिचारा ठणठणीत होता.

आणि ते पॉवरचं बटन? ते दाबलं की चालू असलेल्या विंडोजला ‘यंत्र बंद कर’ किंवा ‘झोपव’ असा संदेश जातो. ऐकायला विंडोज चालू असावी लागते. म्हणजे हे बटन एकाच दिशेने चालतं.

मालकांचा समज कुठून आला असेल, हे लेखकाला नंतर उमगलं. ते जुन्या असेंबल्ड डेस्कटॉपच्या काळातले. १९९५ मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स रचनेत डेस्कटॉप बंद असतानाही पाच व्होल्टची एक वेगळी स्टँडबाय लाइन जिवंत असते, आणि अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ‘कीबोर्डने पॉवर ऑन’ असा पर्यायही असे. १९८७ च्या ‘मॅकिंटॉश २’ला तर कीबोर्डवरच्या बटनानेच चालू करत. तेव्हा डेस्कटॉपपुरतं मालकांचं बरोबर होतं. पण त्यांनी कीबोर्ड विकला तो लॅपटॉपसाठी, आणि दोष दिला तो गिऱ्हाइकाच्या बोर्डाला.

लेखक पुन्हा दुकानात गेला तो गिऱ्हाइकांची गर्दी बघूनच. “तो दुकानातला लॅपटॉप घ्या. शिफ्ट दाबून पूर्ण शट डाउन करा. आता हेच बटन दाबा.” मुलाने दाबलं. मग जोरात दाबलं. मग कीबोर्डची पिन काढून फुंकर मारली. मालक म्हणाले, “हा डेमो पीस आहे काका, याचं असंच असतं.” शेजारी प्रिंटर घ्यायला आलेल्या बाईंनी तेवढ्यात विचारलं, “मग प्रिंटरचाही डेमो असाच का?”

हीच मांडणी करणाऱ्यांसाठी आता थोडं कामाचं. लॅपटॉप रोज शट डाउन करण्याऐवजी स्लीपमध्ये ठेवायचा असेल, तर कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये दोन गोष्टी बदलाव्या लागतात: झाकण मिटल्यावर ‘काही करू नको’ आणि चार्जर असताना हायबरनेट ‘कधीच नाही’. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्ड शोधून त्याच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये संगणक जागा करण्याची परवानगी आहे का, ते पाहावं. तो टॅब दिसत नसेल तर बायोसमधला ‘यूएसबी वेक’ पर्याय तपासावा. आपला लॅपटॉप कोणकोणत्या झोपा घेऊ शकतो, हे पाहायला कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ लिहून स्पेस, स्लॅश आणि ए टाइप करावं. यादी समोर येते. दुकानदाराला विचारण्यापेक्षा हे सोपं.

कीबोर्ड मॉनिटरच्या यूएसबी पोर्टला लावू नये. बरेच मॉनिटर झोपले की ते पोर्टही झोपतं. डॉकचंही तसंच: वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण डॉक आणि त्याला लावलेला कीबोर्ड दोघेही निकामी. कीबोर्डची वायर थेट लॅपटॉपमध्ये घालणं उत्तम. ब्लूटूथ कीबोर्डच्या भरवशावर तर अजिबात राहू नये. अनेक लॅपटॉपांत झोपेत ब्लूटूथच बंद होतं. छोट्या यूएसबी रिसीव्हरचा वायरलेस कीबोर्ड त्या मानाने बरा.

पूर्ण बंद लॅपटॉप झाकण न उघडता चालू करायचाच असेल तर मार्ग वेगळे. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या ऑफिससाठीच्या काही डॉकवर स्वतःचं पॉवर बटन असतं आणि ते त्याच कंपनीच्या ठरावीक लॅपटॉपांना चालू करतं. मॉडेल जुळतं का हे आधी पाहावं. काही ऑफिसी लॅपटॉपांच्या बायोसमध्ये रोज ठरावीक वेळी चालू होण्याची किंवा चार्जरला वीज मिळताच चालू होण्याची सोय असते. दुसरा पर्याय घेतला तर बाहेरगावी जाताना भिंतीवरचा स्विच बंद करावा, नाहीतर वीज जाऊन आली की लॅपटॉप बंद कप्प्यात एकटाच तापत बसतो. ॲपलच्या लॅपटॉपांत २०१६ च्या मॅकबुक प्रोपासून झाकण उघडलं किंवा चार्जर जोडला की यंत्र चालू होतं. बाहेरचा कीबोर्ड तिथेही कामाचा नाही. बाकी, बिल जपून ठेवा आणि खरेदीआधी चार ठिकाणी चौकशी करा, हे सगळेच सांगतात.

कोणी सांगत नाही ते हे: दुकानदाराने तोंडी दिलेलं आश्वासनही कायद्यात मोजलं जातं. जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, वस्तूत नसलेला उपयोग तिच्यात आहे असं सांगणं, मग ते लेखी असो की तोंडी, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. महाराष्ट्राला हे नवीन नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली ती १९७४ मध्ये, ग्राहकांसाठी केंद्राचा कायदा येण्याच्या बारा वर्षं आधी.

१९१५ चं नाव काढल्यावर मालकांचा आवाज उतरला. आधी क्रेडिट नोट पुढे आली. ती नाकारल्यावर यूपीआयने पैसे आले, पण ‘पॅकिंग फुटलंय’ म्हणून काही रक्कम कापून. ते पॅकिंग त्यांच्याच मुलाने, त्यांच्याच काउंटरवर, डेमो दाखवण्यासाठी फोडलं होतं. कापलेल्या रकमेची पावती मागितली, तर ती ‘सिस्टीममधून निघत नाही’ म्हणे.