संगणकावरील अवताराचे डोळे

गतवर्षीं चित्रकलेच्या तासास इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें मजपुढें एक चित्र ठेविलें. संगणकावरील काल्पनिक जगांत आपणाऐवजीं वावरणारी जी आकृति असते, तिचा तो चेहरा होता. वर्ण त्याचाच, केस त्याचेच. डोळे मात्र निळे. कारण विचारितां तो म्हणाला, "सर, तपकिरी काढून पाहिले, पण ते डोळे दिसतच नाहींत, भोंकें दिसतात." मला प्रथम थोडा राग आला होता, उत्तर ऐकून तो निवाला, कारण उत्तर खरें होतें. आपले काळेभोर डोळे पडद्यावर उतरविणें निळ्या डोळ्यांपेक्षां कठीण आहे. तें कसें साधावें, याचा हा पाठ.

अशा आकृतीस 'अवतार' म्हणतात. शब्द आपलाच, परदेश हिंडून परत आलेला. १९८६ च्या सुमाराच्या 'हॅबिटॅट' नामक अमेरिकन खेळांत तो या अर्थीं योजिला गेला. पुढें २००३ च्या जून महिन्यांत लिंडन लॅब या कंपनीनें 'सेकंड लाइफ' हें जग लोकांस खुलें केलें. तेथील रहिवासी आपल्या अवताराचे कपडे, कातडी, डोळेही स्वतः रंगवून चढवूं शकतात. (अशा ठिकाणीं वयाची अट असते, ती पालकांनीं आधीं पाहावी. चित्राचा अभ्यास मात्र त्या जगांत पाऊल न ठेवितांही होतो.)

तेथील डोळा म्हणजे एक चेंडू. त्यावर चौकोनी चित्र गुंडाळिलें जातें. मध्यभागीं बुबुळ, भोंवतीं पांढरा भाग. चित्राची बाजू २५६ किंवा ५१२ ठिपक्यांची, म्हणजे दोनाच्या घाताची, ठेवावी.

आतां रंगाकडे वळूं. निळ्या डोळ्यांत निळें द्रव्य मुळींच नसतें. प्रकाशाच्या विखुरण्यानें ते निळे भासतात. आपल्या डोळ्यांत मेलॅनिन हें तपकिरी द्रव्य विपुल असतें व तें बराचसा प्रकाश गिळून टाकितें. म्हणून घरांतील अंधुक उजेडांत बुबुळ व बाहुली एकच काळीं दिसतात. पण मित्रास खिडकीपाशीं उभें करा, उजेड बाजूनें येऊं द्या, आणि पाहा. बाहुलीभोंवतीं मधासारखा पट्टा, त्यांतून कांठाकडे गेलेले बारीक धागे, कांठाशीं गडद कडें. उजेड डावीकडून आल्यास बुबुळाची उजवी बाजू अधिक उजळते. पुढील पारदर्शक पडदा भिंगाप्रमाणें प्रकाश पलीकडे वळवितो. ही गोष्ट त्या मुलानें आधीं टिपिली, मीं नव्हे.

चित्रासाठीं 'गिंप' हें साधन विनामूल्य मिळतें. त्यांत प्रत्येक भाग निराळ्या थरावर काढावा, म्हणजे एक बिघडल्यास सारें बिघडत नाहीं. पांढरा भाग शुभ्र नको; किंचित् करडा, कडांकडे गुलाबी. त्यावर चिंचोक्याच्या रंगाचें वर्तुळ. मग धागे. एका पट्टीवर उभ्या रेघा काढून 'पोलर कोऑर्डिनेट्स' या क्रियेनें ती वाटोळी वळवितां येते. तेवढ्यावर थांबल्यास बुबुळ सायकलच्या चाकासारखें दिसतें; कांहीं धागे हातानें तोडावे, कांहीं वांकवावे. बाहुली काळी, पण तिच्या शेजारीं मधाचा रंग असेल तरच ती बाहुली म्हणून ओळखूं येते. आमच्या विद्यार्थ्याची चूक येथेंच होती. शिवाय दुरून पाहतां अख्खा डोळा थोड्याच ठिपक्यांचा उरतो, म्हणून तपकिरी रंग खऱ्याहून एक छटा उजळ घ्यावा.

डोळ्यांतील चमक रंगविण्याचा मोह फार होतो. खरी चमक उजेडाच्या दिशेवर अवलंबून असते. रंगविलेली मात्र चेंडूबरोबर फिरते आणि अवतारानें बाजूस पाहतांच खोटी ठरते. ती अगदीं पुसट असावी, किंवा नसावीच.

दुसऱ्यानें विकावयास ठेविलेले डोळे उचलून आपले म्हणणें ही चोरी होय. त्यावर अधिक लिहीत नाहीं.

त्या विद्यार्थ्यानें चार वेळां चित्र पुसलें. पांचव्या वेळचे डोळे तपकिरी होते, जिवंत होते, आणि बुबुळाच्या कांठाशीं करडें-निळसर बारीक वलय होतें. तें कोठून आलें, असें मीं विचारिलें.

"आजीचे डोळे आहेत, सर. तिच्याइतका वेळ खिडकीपाशीं दुसरें कोणी बसत नाहीं."

वार्धक्यांत पुष्कळांच्या डोळ्यांत असें वलय येतें. मीं तें पुसावयास सांगितलें नाहीं.